दोन हजार सत्त्याण्णव साखळ्या, आठ आणे

पहाटे साडेपाचला पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन प्रकारची माणसं पळताना दिसतात. भरतीवाली आणि हौसेची. भरतीवाल्या पोरांच्या अंगात कुठल्यातरी गणेश मंडळाचा टी-शर्ट असतो, पायातले बूट थोरल्या भावाकडून आलेले असतात, आणि बरोबर मोटारसायकलवर एकजण मोबाइलमध्ये वेळ लावून ओरडत असतो. त्यांचं अंतर ठरलेलं, सोळाशे मीटर. पोलीस भरतीत मुलांना तेवढंच लांब पळायचं असतं. पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं की वीसपैकी वीस. हौसेची मंडळी शनिवार-रविवारी बावधन-बाणेरकडून चारचाकीतून येतात, गाडीला टेकून पाय ताणतात, मनगटावरच्या घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत थांबतात आणि मग निघतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मी पहिल्यांदा त्या रस्त्यावर उतरलो तेव्हा यातल्या कशातच मोडत नव्हतो. अंगात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, वय ५८ पूर्ण. शेरे गावच्या अलीकडे एक पोरगा मागून आला, पुढे निघून गेला, आणि वीस पावलांवर थांबून वळून म्हणाला, "आजोबा, तुमची कुठली भरती?"

"माझी झाली," मी म्हणालो. "निवृत्ती पण झाली."

मी भूकरमापक होतो. गावाकडे भूकरमापक कोणी म्हणत नाही, 'मोजणीवाले' म्हणतात. नोकरीभर बदल्यांच्या फेऱ्यात मुळशी तालुका दोनदा वाट्याला आला, आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा पौडलाच घर बांधून टाकलं. हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या तो भाग याच तालुक्यातला. त्यानंतर इथल्या जमिनीचं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यावर सिनेमाही येऊन गेला. एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलायला लागली आणि आमच्याकडे मोजणीच्या अर्जांचा ढीग लागला. मोजणी म्हणजे शेवटी चालणंच. बांधावरून, चिखलातून, करवंदीच्या जाळीतून, लगतच्या कब्जेदाराच्या शिव्या ऐकत. तरीही निवृत्तीनंतरच्या पहिल्याच तपासणीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी म्हणालो, जन्मभर तेवढंच केलं. मग पळा, असं ते म्हणाले. विनोदानं म्हणाले असावेत, पण माझ्या मुलीनं ते मनावर घेतलं.

"बाबा, तुमचं नाव घातलंय. डिसेंबरात, धरणाच्या कडेनं. हाफ मॅरेथॉन. सोळा आठवडे आहेत, आरामात होतं."

"हाफ म्हणजे किती?"

"एकवीस किलोमीटर. पॉइंट शून्य नऊ सात पाच."

पॉइंटच्या पुढचे आकडे तिनं हसत हसत सांगितले, पण माझं मन तिथेच अडकलं. एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. कागदावर असला वेडावाकडा आकडा दिसला की मोजणीवाल्याला एकच संशय येतो: मूळ माप दुसऱ्या एककातलं आहे आणि कोणीतरी ते मागाहून मीटरात बसवलंय.

तसंच निघालं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांपुढे संपली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. त्याआधी मॅरेथॉनला एक असं अंतर नव्हतंच, जिथे जेवढी सोय तेवढी. पुढे १९२१ मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं लंडनचंच माप कायम केलं. म्हणजे राजाची खुर्ची जिथे होती तिथे हद्दीची खूण पडली आणि ती आजतागायत हललेली नाही. आमच्या खात्यात अशा खुणा खूप पाहिल्या. पाटलाच्या सोयीनं एकदा दगड रोवला गेला की पुढे शंभर वर्षं पोरं-नातवंडं त्याच्यावरून भांडतात.

बँकेच्या कॅलेंडरच्या समासात मी हिशोब मांडला. आता इथे थोडं साखळीबद्दल सांगायला हवं. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली जमीन मोजली ती तेहेतीस फुटांच्या साखळीनं. त्या पद्धतीची सुरुवातही पुणे जिल्ह्यातलीच, गोल्डस्मिड आणि विनगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात केलेली. साखळीचे भाग सोळा, प्रत्येक भागाला म्हणायचं आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मी खात्यात आलो तेव्हा साखळी जाऊन टेप येऊ लागली होती, प्लेन टेबल होतं. पुढे ईटीएस यंत्र आलं, जाता जाता उपग्रहावर चालणारा रोव्हरही आला. पण जुनं टिपण वाचायचं तर साखळी-आणे यावेच लागतात, आणि मला ते मोजणी तपासणाऱ्या एका म्हाताऱ्या निमतानदारांनी पाठ करायला लावले होते. मैलाला एकशेसाठ साखळ्या. साखळीला अकरा यार्ड. तीनशे पंच्याऐंशी यार्डांना अकरानं भागलं, तर बाकी शून्य. नेमक्या पस्तीस साखळ्या! सव्वीस मैलांच्या चार हजार एकशेसाठ, त्यात पस्तीस मिळवा. चार हजार एकशे पंच्याण्णव. मीटरातल्या मॅरेथॉनचा आकडा बेचाळीस हजार एकशे पंच्याण्णव, आणि साखळ्यांतला चार हजार एकशे पंच्याण्णव. शेपूट तेच. माझ्या अंगावर काटा आला. हा योगायोग आहे हे मला कळतं, पण मोजणीवाल्याच्या आयुष्यात इतका पूर्णांक योगायोग एखाददुसराच येतो.

त्याचं अर्धं केलं. दोन हजार सत्त्याण्णव साखळ्या आणि आठ आणे.

"आठ आणेच का?" बायको म्हणाली. "सोळा आणे काम तुमच्या हातून व्हायचंच नाही."

*

पळायला शिकायचं म्हणजे हळू पळायला शिकायचं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पहिले दहा दिवस वाचले असते. मी पोरांसारखा सुटायचो आणि दोनशे मीटरवर कमरेवर हात ठेवून उभा राहायचो. मुलीनं जेफ गॅलोवे यांची पद्धत सांगितली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला हा अमेरिकन माणूस, त्यानं सामान्यांसाठी काढलेली तोड इतकी साधी की ती सांगायला ऑलिंपिकवीर लागावा याचं नवल वाटतं: थोडं पळा, थोडं चाला, पुन्हा थोडं पळा. मुख्य म्हणजे दमायच्या आधीच चाला. मी एक मिनिट पळून दोन मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. महिन्याभरात ते उलटं झालं.

दुसरा नियम असा की पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं तर वेग जास्त. पण पहाटे एकटा माणूस बोलणार काय? मी गाव नमुने म्हणायला लागलो. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने असतात एकवीस. हेही मुलीला मी फार कौतुकानं सांगितलं, तिनं "वा" म्हणून विषय बदलला. पण किलोमीटरही एकवीस होते आणि मला तो आधार पुरला. पहिल्या किलोमीटरला नमुना एक, आकारबंद. दुसऱ्याला बिनशेती, जो या तालुक्यात सगळ्यात जास्त फुगला. तिसऱ्याला दुमाला जमिनी. सहाव्याला फेरफार. सात, आठ-अ, बारा हे तर शेतकऱ्याच्या तोंडातलेच. दप्तरात कोणी सहसा न उघडणारे पुढचे नमुने पळतानाही मला कित्येक आठवडे उघडता आले नाहीत.

त्या वर्षी पाऊस असा होता की विचारू नका. मी सुरुवात करायच्या आदल्याच महिन्यात ताम्हिणीत एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. ऑगस्टमध्येही रस्त्याच्या कडेनं पाणी वाहत असायचं. बूट वाळायचे नाहीत. आत वर्तमानपत्र कोंबून ते चुलीजवळ ठेवायचे, सकाळी पुन्हा ओल्यात पाय. उजव्या नडगीवर आतल्या बाजूला दुखायला लागलं, तर मुलगी म्हणाली नवे बूट घ्या, आणि जे घेतले त्यांची किंमत मी घरात दोन हजारांनी कमी सांगितली. डाव्या अंगठ्याचं नख ऑक्टोबरात काळं पडलं आणि नोव्हेंबरात गेलं. काखेत आणि मांड्यांना घासून साल निघते. त्याला व्हॅसलीन हाच उपाय, आणि तो पळायच्या आधी करायचा असतो, नंतर नाही. ही सगळी माहिती कुठल्याही धावपटूला असते, पण अंगावर आल्याशिवाय ती माहिती होत नाही.

खाचरांत भाताची लावणी उरकून बाया बेणणीला लागल्या होत्या. मी येताना दिसलो की कमरेतून सरळ व्हायच्या. पहिल्या आठवड्यात एकीनं विचारलं, "साहेब, काय झालं? कुणाला काय झालं का?" पळणाऱ्या माणसाच्या मागे काहीतरी वाईट बातमी असणार, हा तिचा अंदाज काही चूक नव्हता. या खोऱ्यात मोठी माणसं उगाच पळत नाहीत. काही नाही, असंच, असं मी म्हणालो, आणि आपण खोटं बोललो असं दिवसभर वाटत राहिलं. पुढे त्यांना सवय झाली. भात पोटरीत आलं, मग रस्त्यावर त्याचा वास सुटायला लागला. आंबेमोहराचं खाचर जवळ आलं की डोळे मिटूनही कळतं. इंद्रायणीचा वास त्याहून धीमा. कापणी झाली तेव्हा मी चौदा किलोमीटरपर्यंत आलो होतो आणि बाया मला बघून वर मानही करत नव्हत्या.

रविवारी मात्र सातच्या आत घरी परतायचं. सातनंतर पुण्याच्या गाड्या धबधब्यांकडे निघतात. त्यांच्या खिडक्यांतून गाणी, मक्याच्या कणसांचे बुरखुंडे आणि सल्ले असं सगळं बाहेर येतं. "काका, जोर लगाके" हा त्यातला सगळ्यात सौम्य.

एकदा त्या भरतीवाल्या पोराबरोबर मी त्याचे सोळाशे मीटर पळायचा प्रयत्न केला. अर्थात तो पोचून, पाणी पिऊन, जोर मारून माझ्याकडे बघत बसला होता. सोळाशे मीटर म्हणजे मैलाला जवळपास एक साखळी कमी, असं मी त्याला धापा टाकत सांगितलं. त्यानं गंभीरपणे विचारलं, "त्याचे मार्क असतात का?" त्याच्याकडूनच मला अविनाश साबळेबद्दल पहिल्यांदा नीट कळलं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, सैन्यात गेला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पळाला. एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय. घरी येऊन मी हिशोब केला. साखळीला पावणेदोन सेकंद. साखळी जमिनीवर टाकून सरळ करायलासुद्धा आमच्या माणसाला त्याहून जास्त वेळ लागायचा.

*

लांब पल्ल्याच्या सरावाला मी माले गावापर्यंत एसटीनं जायचो आणि तिथून मुळशीच्या तलावाच्या कडेनं पळायचो. हा रस्ता सुंदर आहे असं सगळे म्हणतात, आणि आहेच. पण मला पाण्याकडे बघताना त्याखालचा नकाशा दिसतो, त्याला इलाज नाही.

मुळा नदीवर इथे टाटांच्या कंपनीनं धरण बांधायला घेतलं, ते विजेसाठी. पाणी डोंगरातून पलीकडे कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथे जनित्रं फिरवायची. १९२७ पासून ते चालू आहे. जी नदी पुण्यावरून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जायची, तिचं पाणी कुंडलिकेत उतरून अरबी समुद्राला मिळतं. या पाण्याखाली पन्नासेक गावांची जमीन गेली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते, आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना इथेच चिकटली. 'जान किंवा जमीन' अशी घोषणा होती. माणसं कामावर आडवी झाली, तुरुंगात गेली, बायकाही गेल्या. तीन वर्षं चाललं. शेवटी जमीन गेली.

लंडनच्या राजाच्या खुर्चीचं माप कायम झालं तेही १९२१ सालीच. याला काही अर्थ नाही. फक्त सोळा किलोमीटरच्या सरावात, नमुना अकरा की बारा म्हणताना, हे दोन आकडे एकमेकांवर आपटले आणि मी चालायला लागलो. जमीन बुडवायची तरी ती आधी मोजावी लागते. कोणाची किती, भात किती, वरकस किती, झाडं किती. म्हणजे माझ्यासारखा कोणीतरी इथे आला असणार, खांद्यावर साखळी, हातात टिपणवही, आणि लोकांनी त्याला दारातून पाहिलं असणार. या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नजरेत मोजणीवाल्याबद्दल एक थंड सावधपणा मी नेहमी पाहिला. पाणी देतील, चहा देतील, पण तुमच्या टेबलावरच्या कागदावरची नजर काढणार नाहीत. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. मी तर त्यांच्याच अर्जावरून आलेलो असायचो. पण मोजून घेतल्यावर कोणाची जमीन वाढल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मे महिन्यात पाणी ओसरतं तेव्हा गाळातून दगडी बांधांच्या रेघा वर येतात, सरळ, काटकोनात वळलेल्या. बांध घालणाऱ्यांचा हात चांगला होता.

*

डिसेंबरातल्या त्या रविवारी पहाटे साडेपाचला धरणाजवळ आम्ही तीनचारशे माणसं कुडकुडत उभी होतो. छातीवर सेफ्टी पिनांनी लावलेला क्रमांक, त्याच्या मागे चिप. पाण्यावर धुकं. ध्वनिक्षेपकावरून एक मुलगी सगळ्यांना नाचायला सांगत होती आणि सगळे नाचत होते. मी शौचालयाच्या रांगेत होतो. त्या रांगेत माझ्या पुढे जो तरुण उभा होता त्यानं हा मार्ग मोजायला मदत केली होती, हे कळल्यावर माझी थंडी गेली.

सायकलनं मोजतात म्हणे. पुढच्या चाकाच्या आसाला एक छोटं गणकयंत्र बसवतात, जोन्स काउंटर. आधी टेपेनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाक किती भरतं ते ठरवतात, मग मार्ग मोजतात, मग पुन्हा त्या पट्ट्यावर येऊन तपासतात, कारण उन्हानं टायरमधली हवा फुगते. वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर ठेवून सगळ्यात जवळच्या रेषेनं जायचं. आणि शेवटी हजाराला एक या हिशोबानं अंतर वाढवून घ्यायचं, म्हणजे काही झालं तरी मार्ग कमी भरू नये. एकवीस मीटर. दोन साखळ्या!

"आमच्यात उलट," मी म्हणालो. "साखळीत झोळ राहिला तर अंतर जास्त दिसतं आणि शेतकऱ्याची जमीन कागदावर वाढते. पहिल्या दिवशी पेढे देतो."

तो हसला. माझा नंबर आला.

शर्यतीचे पहिले नऊ-दहा किलोमीटर सांगण्यासारखे नाहीत. सगळे पुढे जातात, तुम्ही मागे राहता, तेवढंच. पळशाच्या पुढून परत फिरलो तेव्हा समोरून सूर्य आला आणि धुकं पाण्यावरून उचललं गेलं. नमुना बारा, पिकांचा, म्हणता म्हणता मी चक्क दोन माणसांना मागे टाकलं. त्यातला एक बसून बूट सोडत होता, हे खरं. चौदानंतर चढ लागला. चढावर माझं पाऊल दोन फुटांवर आलं, आणि साखळीचा आणा दोन फुटांहून किंचित मोठा. मी पावलांनी आणे मोजायला लागलो. सोळा पावलं, एक साखळी. सोळा पावलं, एक साखळी. मांड्यांत दगड भरल्यासारखे झाले होते, पण मोजणी चालू होती.

सतराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं त्याच्या थोडं पुढे एका बंगल्यांच्या वसाहतीचं मोठं फाटक आहे. फाटकाशी निळ्या गणवेशातला एक म्हातारा वॉचमन स्टीलचा तांब्या घेऊन उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला पाणी विचारत होता आणि कोणी घेत नव्हतं, कारण सगळ्यांनी नुकतंच घेतलं होतं. मी थांबलो. तांब्या तोंडाला लावला.

"साहेब, तुम्ही मोजणीवाले ना?"

मी मान हलवली. बोलण्याइतका श्वास नव्हता.

"आमच्या बांधाला आला व्हता. थोरल्याचा न् धाकट्याचा. लई वर्षं झाली. वळीव आला व्हता त्या दिशी."

मला आठवलं. पूर्ण आठवलं. मे २००३. दोघे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना, दोघांच्या बायका त्यांच्या मागे, आणि वरून काळं होऊन आलेलं आभाळ. प्लेन टेबलावरच्या कागदावर मोठे थेंब पडायला लागले. शेवटचा वीसेक मीटरचा तुकडा राहिला होता. माझा माणूस टेप गुंडाळून झाडाखाली पळाला होता. मी तो तुकडा पावलांनी घेतला. नंतर सरकारी आकड्यात बसवला. कोणी हरकत घेतली नाही, निमताना मोजणीचा अर्ज आला नाही, नकाशा कायम झाला.

"बांध बरोबर पडला व्हता का वो साहेब?" त्यानं सहज विचारलं. पाऊस बरा झाला का, असं विचारावं तसं.

"पडला होता," मी म्हणालो.

"मंग झालं." तांब्या परत घेत तो म्हणाला. "आता काय, बांध बी न्हाई आन् वावर बी न्हाई. दोघांनी बी इकलं. ह्याच्या आतच गेलं समदं." त्यानं मागे हात केला. फाटकाच्या आत हिरवळ होती, आणि त्यावर फवारे फिरत होते. "तुम्ही पळा. लोकं म्होरं गेली."

मी पळालो. पुढचे दोन किलोमीटर माझ्या आयुष्यातले सगळ्यात वेगाचे होते, असं घड्याळ नंतर सांगत होतं. नमुने म्हणायचे राहून गेले. त्या दिवशी माझं पाऊल किती होतं, याचा हिशोब मी करत होतो. तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो, घाईत होतो, वर चढ होता, पावसानं माती घसरत होती. पाऊल लांब पडलं असेल की आखूड? पावलामागे एका बोटाचा फरक धरला तरी वीस मीटरला आणाभर. आणाभर कोणाच्या बाजूनं?

एकोणीसनंतर पायांनी तो हिशोबही बंद पाडला. पोटरीत गोळा आला. भरतीवाला पोरगा तिथे स्वयंसेवक म्हणून उभा होता, पिवळ्या जाकिटात, त्यानं खाली बसून माझा पंजा वर दाबला आणि म्हणाला, "आजोबा, सोडायचं न्हाई." गोळा उतरला. मी लंगडत निघालो.

एकवीसचा फलक आला. आता साडेसत्त्याण्णव मीटर. नऊ साखळ्या, अकरा आणे. पहिल्या बदलीच्या गावी माझ्याबरोबर जो माणूस साखळीचं पुढचं टोक धरायचा, तो प्रत्येक साखळीला मोठ्यानं आकडा ओरडायचा, देवळात घंटा वाजवावी तसा. मी तसाच ओरडायला लागलो. एक. दोन. बाजूच्या बाईला वाटलं मी तिला हुरूप देतोय. तीही ओरडायला लागली. नऊ. मग आणे. अकराव्याला पायाखाली रबरी पट्टी आली आणि कुठेतरी पी असा आवाज झाला.

दोन तास बावन्न मिनिटं चाळीस सेकंद. साखळीला पाच सेकंदांना थोडं कमी. गळ्यात पदक पडलं, हातात केळं आलं. मुलगी रडत होती आणि मोबाइलवर चित्रण करत होती, त्यामुळे चित्रात सगळं हलतं. माझ्या घड्याळात अंतर २१.३१ दाखवत होतं. माझ्या भोवती चारपाच जण आपापली घड्याळं एकमेकांना दाखवून मार्ग जास्त भरला म्हणून तक्रार करत होते. मी त्यांना वळणं, कडेपासून तीस सेंटिमीटर, झाडीखाली भरकटणारे उपग्रह, हजाराला एक, असं सगळं समजावून सांगायला लागलो. तिसऱ्या मिनिटाला तिथे मी एकटा होतो.

परत जाताना मुलीला म्हटलं, त्या फाटकापाशी जाऊन येऊ. उलट्या दिशेला का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं नाही. पोह्यांची दोन पाकिटं मागून घेतली होती.

फाटकावर दुसरा माणूस होता, तरुण, मराठवाड्याकडच्या बोलीचा. पाळी बदलली होती. म्हातारबाबा मागच्या बाजूला खोलीवर जेवायला गेले, येतील अर्ध्या तासात, असं म्हणाला. मी आत जाऊन भेटतो म्हणालो. त्यानं खिडकीतून वही पुढे केली आणि वहीला दोरीनं बांधलेलं पेन.

"नाव, गाडी नंबर, कोणाकडे जायचं, काय काम, सगळं लिहा."

नाव लिहिलं. कोणाकडे, या रकान्यात बंगल्याचा क्रमांक लागतो म्हणाला. आतल्या जमिनीचा जुना सर्व्हे नंबर, गट, क्षेत्र, आकार, चारही हद्दी मला अजून पाठ होत्या. बंगल्यांचे क्रमांक माहीत नव्हते. मी तो रकाना सोडला. शेवटच्या रकान्यात, काम म्हणून, 'पाणी' असं लिहिलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. त्यानं ती वाचली, माझ्या गळ्यातल्या पदकाकडे पाहिलं, आणि बाटली भरून आणायला आत गेला.